विश्लेषण : थीम पार्कमधल्या मनगटी टॅगचा पूर्वज हेरगिरीत सापडतो तो कसा? कोण होते लिऑन थेरेमिन?

जपानमधील ओसाका येथील युनिव्हर्सल स्टुडिओजमध्ये मार्च २०२१ मध्ये ‘सुपर निन्टेन्डो वर्ल्ड’ सुरू झाले. तेथे येणारी मुले मनगटावर रंगीत पट्टा बांधतात आणि प्रश्नचिन्ह असलेल्या पिवळ्या ठोकळ्याला खालून ठोसा मारतात. नाणे मिळाल्याचा आवाज होतो आणि ते नाणे बरोबर त्याच मुलाच्या खात्यात जमा होते. ठोकळ्याला कसे कळले की ठोसा कोणी मारला? उत्तर पट्ट्यातल्या रेडिओ टॅगमध्ये आहे. या तंत्राची वंशावळ शोधत मागे गेलो, तर वाटेत एक रशियन वादक-शास्त्रज्ञ भेटतो. त्याने हात न लावता वाजणारे वाद्य बनवले, न्यूयॉर्कची सभागृहे गाजवली, मग श्रमछावणीत गेला आणि कैदेत असताना जगातील सर्वात चतुर श्रवणयंत्र घडवले. लेव्ह सर्गेयेविच तेरमेन हे त्याचे मूळ नाव. जग त्यांना लिऑन थेरेमिन म्हणून ओळखते.

मनगटी टॅग काम कसा करतो?

टोल नाक्यावरचा फास्टॅग आठवून पाहा. काचेवर चिकटवलेल्या त्या कागदी पट्टीत बॅटरी नसते. नाक्यावरचा रीडर रेडिओ लहरी सोडतो. पट्टीतील अँटेना त्या लहरींमधूनच किंचित ऊर्जा घेते, चिप जागी होते आणि आलेली लहर कमी-जास्त प्रमाणात परतवत आपला क्रमांक कळवते. म्हणजे टॅग स्वतः ओरडत नाही. त्याच्यावर पडलेला प्रकाश आरशाचा तुकडा हलवून परतवावा, तसा तो बोलतो.

थीम पार्कमधील टॅगचे तत्त्व याच कुळातले आहे. अमेरिकेत फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्डने २०१३ मध्ये ‘मॅजिकबँड’ आणला. त्यात दोन रेडिओ होते. जवळून टेकवण्यासाठी बॅटरीविना चालणारा टॅग आणि दुरून ओळख पटवण्यासाठी बॅटरीवर चालणारा छोटा प्रक्षेपक. याच पट्ट्याने हॉटेलची खोली उघडे, पार्कचे फाटक उघडे, जेवणाचे बिल भरले जाई आणि राइडवर काढलेला फोटो आपोआप त्या कुटुंबाच्या खात्यात जाई. पट्ट्यात नाव-गाव काही नसते, असतो तो फक्त एक सांकेतिक क्रमांक. तो कोणाचा हे मागच्या संगणकाला ठाऊक असते.

थेरेमिन यांचे बालपण कसे गेले?

१८९६ च्या ऑगस्टमध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे त्यांचा जन्म झाला. घराण्याचे मूळ फ्रेंच. घरात सुबत्ता होती आणि मुलाला दोन नाद लागले, एक विजेचा आणि दुसरा चेलो या तंतुवाद्याचा. विद्यापीठात भौतिकशास्त्र आणि खगोलशास्त्र, शिवाय संगीत विद्यालयात चेलो असे त्यांचे दुहेरी शिक्षण झाले. पहिल्या महायुद्धात ते लष्करात गेले आणि रेडिओ विभागात काम करू लागले. क्रांतीनंतर राजवट बदलली, पण रेडिओ जाणणाऱ्या माणसाची गरज नव्या राजवटीलाही होतीच. नामवंत भौतिकशास्त्रज्ञ अब्राम योफे यांनी त्यांना पेत्रोग्राडमधील आपल्या संस्थेत बोलावून घेतले. तेव्हा ते चोविशीच्या आत होते.

हात न लावता वाजणारे वाद्य कसे जन्मले?

योफे यांच्या प्रयोगशाळेत थेरेमिन वायूंचे विद्युत गुणधर्म मोजण्याचे उपकरण बनवत होते. मोजमाप सुईऐवजी आवाजावरून कळावे म्हणून त्यांनी त्याला हेडफोन जोडला. तेव्हा लक्षात आले की, नुसता हात जवळ नेला तरी स्वर चढतो आणि मागे घेतला की उतरतो. दुसऱ्या एखाद्या संशोधकाने याला यंत्रातला दोष समजून बंदोबस्त केला असता. चेलोवादकाला त्यात वाद्य दिसले.

यामागचे विज्ञान असे. माणसाचे शरीर विद्युतभार साठवू शकते. अँटेना आणि हात यांच्यामध्ये हवा असते, त्यामुळे दोघे मिळून एक धारित्र तयार होते. हात हलला की त्याची धारिता बदलते आणि मंडलातील कंपनांची गती बदलते. वाद्यात दोन मंडले असतात. समजा एक सेकंदाला १,७०,००० कंपने करते आणि दुसरे हातामुळे १,६९,५६० वर आले. हे दोन्ही स्वर कानाला ऐकू येत नाहीत, पण त्यांतला ४४० चा फरक ऐकू येतो आणि तो सुरेल स्वर असतो. एक हात उभ्या अँटेनाजवळ हलवून स्वर साधायचा, दुसरा वळलेल्या अँटेनाजवळ नेऊन आवाज लहान-मोठा करायचा. ना तार, ना पट्टी, ना पडदा. १९२० मध्ये तयार झालेल्या या वाद्याला पुढे ‘थेरेमिन’ हेच नाव पडले.

आज आपल्या हातातील स्मार्टफोनचा पडदा बोटाचा स्पर्श ओळखतो तो याच धारितेच्या बदलावरून. फरक इतकाच की थेरेमिन यांच्या यंत्राला स्पर्शाचीही गरज नव्हती.

लेनिन यांना या वाद्यात काय दिसले?

१९२२ मध्ये थेरेमिन यांना क्रेमलिनमध्ये बोलावणे आले. त्यांनी दोन गोष्टी दाखवल्या. एक वाद्य आणि दुसरी, कोणी जवळ येताच घंटा वाजवणारी धोक्याची सूचना देणारी यंत्रणा. दोन्हींचे तत्त्व एकच. थेरेमिन यांनी पुढे सांगितल्यानुसार लेनिन यांनी ग्लिंका या रशियन संगीतकाराची एक रचना स्वतः वाजवून पाहिली. गावोगावी वीज पोहोचवणे हे तेव्हा नव्या सत्तेचे मोठे स्वप्न होते आणि विजेतून गाणे निघते हे दाखवण्याइतका चांगला प्रचार दुसरा कोणता? थेरेमिन यांना देशभर फिरून कार्यक्रम करण्यास पाठवण्यात आले.

त्या एका दिवसात त्यांच्या पुढच्या आयुष्याचे सूत्र दडले होते. एकाच तत्त्वातून मैफलही रंगत होती आणि पहाराही बसत होता. पुढे १९२०च्या दशकाच्या मध्यात त्यांनी दूरचित्रवाणीचे यंत्र बनवले, तेव्हा सीमेवरील टेहळणीसाठी ते उपयोगी पडेल हे पाहून सरकारने ते गोपनीय ठरवले. त्यामुळे दूरचित्रवाणीच्या इतिहासात त्यांचे नाव फारसे घेतले जात नाही.

अमेरिकेत काय घडले?

१९२७ मध्ये ते युरोपच्या दौऱ्यावर निघाले. फ्रँकफर्ट, बर्लिन, लंडन, पॅरिस येथे प्रेक्षकांनी गर्दी केली आणि वर्ष संपता संपता ते न्यूयॉर्कला उतरले. तेथे ते जवळपास ११ वर्षे राहिले. १९२८ मध्ये त्यांना वाद्याचे अमेरिकी पेटंट मिळाले. आरसीए या बड्या रेडिओ कंपनीने वाद्य बनवण्याचे हक्क घेतले. जाहिरातीत ते कोणालाही वाजवता येईल असे भासवले गेले, प्रत्यक्षात ते फार कठीण निघाले. बोटाला टेकायला काहीच नसल्याने स्वर केवळ कानाच्या भरवशावर शोधावा लागतो. त्यातच १९२९ च्या ऑक्टोबरमध्ये शेअर बाजार कोसळला. सुमारे ५०० वाद्यांवर उत्पादन थांबले.

तरीही त्यांच्या कार्यशाळेत नवनवे प्रयोग सुरू राहिले. संगीतकार हेन्री कॉवेल यांच्यासाठी त्यांनी ‘रिदमिकॉन’ हे ताल धरणारे यंत्र बनवले. आजच्या थीम पार्कच्या सर्वात जवळ जाणारा त्यांचा प्रयोग म्हणजे ‘टर्पसिटोन’. हा एक मंच होता. नर्तक त्यावर उभा राहिला की त्याचे सगळे शरीरच हाताची जागा घेई. तो वाकला, उठला, हात पसरले की स्वर बदलत. नाचणाराच आपले संगीत निर्माण करी. पाहुणा नुसता पाहत नाही, त्याच्या हालचालीने भोवतालचे जग प्रतिसाद देते, ही कल्पना १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये लोकांनी पाहिली.

वाद्याला खरी प्रतिष्ठा दिली ती क्लारा रॉकमोर यांनी. त्या मूळच्या व्हायोलिनवादक. हाताच्या दुखण्यामुळे व्हायोलिन सुटले आणि त्या थेरेमिनकडे वळल्या. थेरेमिन यांनी त्यांना लग्नाची मागणी घातली होती, पण क्लारा यांनी एका वकिलाशी विवाह केला. थेरेमिन यांनी पुढे लॅव्हिनिया विल्यम्स या कृष्णवर्णीय नर्तकीशी लग्न केले. त्या काळच्या अमेरिकेत गोऱ्या पुरुषाने कृष्णवर्णीय स्त्रीशी लग्न करणे अनेकांना सहन होण्यासारखे नव्हते. श्रीमंत आश्रयदात्यांची दारे त्यांना बंद झाली.

याच काळात ते सोव्हिएत हेरांनाही भेटत होते. औद्योगिक माहिती मायदेशी पोहोचवावी अशी त्यांच्याकडून अपेक्षा होती आणि म्हातारपणी त्यांनी हे लपवलेही नाही. म्हणजे ज्या माणसाचे यंत्र पुढे इतरांवर कान ठेवणार होते, तो स्वतःही कोणाच्या तरी दोरीला बांधलेला होता.

मायदेशी परत गेले की नेले?

१९३८ च्या सप्टेंबरमध्ये ते अचानक न्यूयॉर्कमधून नाहीसे झाले. सोव्हिएत गुप्तचरांनी त्यांचे अपहरण केले, असे अमेरिकेतील मित्रांना बराच काळ वाटत राहिले. दुसरे कारण अधिक साधे आहे. त्यांच्यावर कर्ज आणि कराची थकबाकी होती, युद्धाची चाहूल लागली होती. आपण स्वतःहून परतलो, असे त्यांनी पुढे सांगितले. एका सोव्हिएत मालवाहू जहाजातून ते गेले. पत्नी मागे राहिली. लॅव्हिनिया पुढे हैतीत स्थायिक झाल्या आणि त्यांनी तेथे नृत्य शिकवले. दोघांची पुन्हा कधीही भेट झाली नाही.

ज्या देशाची नाळ त्यांनी तोडली नव्हती, तो देश आता स्टालिन यांच्या दमनसत्राखाली होता. परदेशात राहून आलेला प्रत्येक माणूस संशयित. मार्च १९३९ मध्ये त्यांना अटक झाली आणि आठ वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली. त्यांची रवानगी कोलिमा या सैबेरियाच्या टोकाच्या प्रदेशातील श्रमछावणीत झाली. तेथून जिवंत परतणे नशिबाचा भाग होता. दगडांच्या हातगाड्यांसाठी लाकडी रूळ बनवून आपण तिथेही काम सोपे केले, असे ते नंतर सांगत.

त्यांना वाचवले ते त्यांच्या हुन्नराने. सोव्हिएत व्यवस्थेत ‘शराश्का’ नावाचा प्रकार होता. कैदी शास्त्रज्ञांना तुरुंगवजा प्रयोगशाळेत ठेवून त्यांच्याकडून संशोधन करून घेतले जाई. पोटभर अन्न, झोपायला पलंग, पण दाराला कुलूप. विमानरचनाकार आंद्रेई तुपोलेव आणि पुढे सोव्हिएत अवकाश कार्यक्रमाचे शिल्पकार ठरलेले सर्गेई कोरोलेव हेही अशा कैदेत होते. थेरेमिन तेथे पोहोचले.

लाकडी मुद्रेत काय दडले होते?

४ ऑगस्ट १९४५. सोव्हिएत शाळकरी मुलांनी अमेरिकी राजदूत अ‍ॅव्हरेल हॅरिमन यांना एक भेट दिली. अमेरिकेच्या राष्ट्रीय मुद्रेचे सुंदर लाकडी कोरीवकाम. युद्धातील मैत्रीची खूण म्हणून ती राजदूतांच्या मॉस्कोतील निवासस्थानी भिंतीवर लावण्यात आली आणि सात वर्षे तिथेच राहिली. चार राजदूत तिच्यासमोर बसून बोलले.

लाकडाच्या आत थेरेमिन यांनी बनवलेला एक छोटा धातूचा डबा होता. त्याला तोंडाशी अतिशय पातळ पडदा आणि बाजूला एक सरळ अँटेना. ना बॅटरी, ना तारा, ना कोणताही इलेक्ट्रॉनिक भाग. एरवी तो निर्जीव. म्हणून शोध घेणाऱ्यांच्या उपकरणांना तो दिसत नसे आणि वर्षानुवर्षे बिघडतही नसे. ऐकायची वेळ झाली की बाहेरून त्या घरावर रेडिओ लहर सोडली जाई. खोलीतील बोलण्याने पडदा थरथरे, पडदा आणि आतील खुंट यांच्यामधील धारिता बदले आणि परतणाऱ्या लहरीवर ते बोलणे उमटे. हाताऐवजी आता आवाज यंत्राला हलवत होता. प्रयोगशाळेत १९२० मध्ये सापडलेलेच तत्त्व, फक्त आता ते गाणे वाजवत नव्हते, चोरून ऐकत होते.

१९५१ मध्ये मॉस्कोतील एका ब्रिटिश रेडिओ ऑपरेटरला अनपेक्षितपणे आपल्या यंत्रावर ओळखीचे संभाषण ऐकू आले आणि संशय सुरू झाला. १९५२ मध्ये अमेरिकी तंत्रज्ञांनी शोध घेतला. बाहेरच्यांनी लहर सुरू करावी म्हणून राजदूत जॉर्ज केनन मुद्दाम मोठ्याने मजकूर सांगून लिहवून घेत बसले. खोलीभर माग काढत तंत्रज्ञ अखेर भिंतीवरच्या मुद्रेपाशी पोहोचले. अमेरिकेने ही गोष्ट आठ वर्षे गुप्त ठेवली. १९६० मध्ये यू-२ हेरविमानावरून संयुक्त राष्ट्रांत वाद पेटला, तेव्हा अमेरिकी प्रतिनिधी हेन्री कॅबट लॉज यांनी ती मुद्रा उघडून सगळ्या जगाला दाखवली. ही वस्तू नेमके कसे काम करते हे समजायला पाश्चात्त्य तज्ज्ञांना बराच वेळ लागला. तिचे नावही पडले ते ‘द थिंग’, म्हणजे नुसतीच ‘ती वस्तू’.

तिला टॅगचा पूर्वज का म्हटले जाते?

काटेकोरपणे पाहिले तर ‘ती वस्तू’ म्हणजे आजचा टॅग नव्हे. तिच्यात ओळख क्रमांक नव्हता, चिप नव्हती. ती आवाज पोहोचवत होती, ओळख नव्हे. पण गाभा तोच आहे. स्वतःजवळ ऊर्जा नसलेली वस्तू बाहेरून आलेल्या लहरीने जागी होते, त्या लहरीत बदल करते आणि माहिती परत पाठवते. म्हणून रेडिओ टॅगचा इतिहास सांगताना तिचा उल्लेख हमखास होतो.

अर्थात हा वंशवृक्ष एकट्या थेरेमिन यांचा नाही. दुसऱ्या महायुद्धात आपले विमान कोणते आणि शत्रूचे कोणते हे रेडिओने विचारणारी यंत्रणा होती. हॅरी स्टॉकमन यांनी १९४८ मध्ये परावर्तित लहरींनी संदेश पाठवण्याच्या कल्पनेवर शोधनिबंध लिहिला. १९७३ मध्ये अमेरिकेत मारिओ कार्डुलो यांना स्मृती असलेल्या टॅगचे पेटंट मिळाले. चिप स्वस्त झाल्यावर टॅग गोदामातल्या खोक्यांवर, मेट्रोच्या कार्डात, गाडीच्या काचेवर आणि शेवटी मुलांच्या मनगटावर आला.

थेरेमिन यांचे पुढे काय झाले?

१९४७ मध्ये त्यांची सुटका झाली. खिडकीच्या काचेच्या थरथरीवरून, अदृश्य किरणांच्या मदतीने आतले बोलणे ऐकणाऱ्या ‘बुरान’ यंत्रणेसाठी त्यांना त्याच वर्षी स्टालिन पारितोषिक मिळाले. ज्या राजवटीने कैदी केले, तिनेच गौरवले. सुटल्यावरही ते गुप्तचर यंत्रणेसाठीच काम करत राहिले. त्यांनी पुन्हा लग्न केले, जुळ्या मुली झाल्या. पाश्चात्त्य जगात मात्र ते केव्हाच मेले, असाच समज होता. त्यांच्या वाद्याचा कंप पावणारा स्वर या काळात हॉलिवूडच्या रहस्यपटांत आणि विज्ञानपटांत घुमत होता. रॉबर्ट मूग नावाचा तरुण १९५४ पासून घरच्या घरी थेरेमिन वाद्ये बनवून विकत होता. याच मूग यांनी पुढे सिंथेसायझर घडवला.

१९६०च्या दशकात थेरेमिन मॉस्कोच्या संगीत विद्यालयात आले आणि पुन्हा वाद्ये बनवू लागले. १९६७ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या संगीत समीक्षकाने ते जिवंत असल्याचे लिहिले आणि तेच त्यांच्या मुळावर आले. विद्यालयाने त्यांना काढून टाकले, त्यांची वाद्ये मोडून टाकण्यात आली. वयाच्या सत्तरीत त्यांनी मॉस्को विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात तंत्रज्ञाची साधी नोकरी धरली.

सोव्हिएत संघ मोकळा होऊ लागला तेव्हा १९८९ मध्ये ते फ्रान्सला आणि १९९१ मध्ये अमेरिकेला जाऊ शकले. ५३ वर्षांनी त्यांनी न्यूयॉर्क पाहिले आणि क्लारा रॉकमोर यांची भेट घेतली. लॅव्हिनिया यांचे १९८९ मध्येच निधन झाले होते. ३ नोव्हेंबर १९९३ रोजी मॉस्कोत ९७ व्या वर्षी थेरेमिन यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांच्यावरील माहितीपटही आला.

आज या चरित्राचा अर्थ काय?

डिस्नेचा मनगटी पट्टा येण्याआधीच, जानेवारी २०१३ मध्ये अमेरिकी काँग्रेसचे सदस्य एड मार्की यांनी कंपनीला पत्र लिहून विचारणा केली होती की, मुलांची कोणती माहिती गोळा होणार आणि ती कोणाला दिली जाणार. पट्टा बांधणे ऐच्छिक आहे, ही कंपनीची भूमिका होती. रांग टळते, खोली उघडते, फोटो सापडतो, मुलाला नाणे मिळते, हे सारे सोयीचे आहेच. पण कोणते कुटुंब कोणत्या वेळी कुठे होते, किती वेळ थांबले, काय खाल्ले याची नोंदही त्याच पट्ट्यातून होऊ शकते.

येथे थेरेमिन यांची गोष्ट उपयोगी पडते. बॅटरी नसलेला टॅग स्वतःहून काहीच करत नाही. तो बोलतो तेव्हा दुसऱ्या कोणीतरी त्याच्यावर लहर सोडलेली असते. म्हणून प्रश्न टॅगला विचारून उपयोग नाही, तो रीडरच्या मालकाला विचारावा लागतो. रीडर कुठे कुठे बसवले आहेत, नोंद किती दिवस ठेवली जाते, पट्टा न बांधता आत जाता येते का, परतताना तो काढला की खाते बंद होते का, हे पालकांनी तिकीट काढण्यापूर्वी पाहायला हवे. ओसाकातले नाणे आणि मॉस्कोतली मुद्रा यांच्या तत्त्वात मोठा फरक नाही. फरक आहे तो संमतीचा. मनगटावर पट्टा आहे हे मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना माहीत असते. भिंतीवरची भेट ऐकते आहे, हे त्या घरात राहणाऱ्या चार राजदूतांपैकी तिघांना ते घर सोडेपर्यंत कळले नव्हते.